रात्री डॉक्टरांना शंका कळवायची ती कोणत्या शब्दांत?

प्रश्न – किनारा

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रालगतच्या एका रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. माझा प्रश्न पगाराचा, बदलीचा किंवा रजेचा नाही. त्यासाठी संघटना आहेत आणि त्या आपापल्या परीने भांडतात. मला विचारायचे आहे ते असे, की एखाद्या रुग्णाबद्दल आपल्याला काळजी वाटते आणि डॉक्टरांना ती वाटत नाही, अशा वेळी ती शंका त्यांच्यापर्यंत कशी पोहोचवावी, म्हणजे रुग्णाचेही नुकसान होणार नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात एकमेकांची तोंडे पाहून काम करणेही शक्य होईल.

एक उदाहरण देते. दुसऱ्या खेपेची बाई, संध्याकाळी नैसर्गिक प्रसूती झालेली. रात्री ओव्हर (आधीच्या सिस्टरकडून ड्युटीचा ताबा) घेताना तिची नाडी नव्वदच्या आसपास होती. नंतर पाहिली तेव्हा नाडी १०४, बीपी ११२/७०, पॅड पूर्ण भिजलेला, आणि पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मधूनच सैल लागत होते. मी मालिश केले, मूत्राशय रिकामे केले आणि ऑन कॉल डॉक्टरांना फोन लावला. "बीपी चांगले आहे ना? मग लक्ष ठेवा," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या तासात नाडी १२२ वर गेली, बीपी १०६/७० झाले. दुसऱ्या फोनला उत्तर जरा चढ्या आवाजातच मिळाले. पण डॉक्टर आले, त्यांनी आतल्या गुठळ्या काढल्या, औषधे दिली, रक्त मागवले आणि बाई सुखरूप राहिली. त्यांच्या हाताला यश आहे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. मात्र सकाळच्या राऊंडला त्या बाईच्या सासूसमोर आणि नर्सिंगच्या दोन विद्यार्थिनींसमोर ते म्हणाले, "या सिस्टर रात्रभर फोन करतात, कुणाला झोपू देत नाहीत."

त्या विद्यार्थिनींपैकी एकीने मला नंतर विचारले, की नाडी किती झाली म्हणजे फोन करायचा असतो. पुस्तकातले उत्तर मी तिला दिले. प्रत्यक्षात ते उत्तर त्या रात्री ड्युटीवर कोण आहे यावर बदलते, हे तिला सांगायला माझी जीभ वळली नाही.

आमच्याकडे डॉक्टर आणि सिस्टर यांचे एरवी वाईट नाही. गणपतीत निम्मा स्टाफ रजेवर असतो, महामार्गावर अपघात वाढतात, तेव्हा सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. अडते ते फक्त मतभेदाच्या क्षणी. ज्येष्ठ सिस्टर सांगतात, की डॉक्टरांना कधी सरळ सांगू नये, त्यांच्याच तोंडून निघेल असे करावे. माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणी सांगतात, की स्पष्ट बोलावे आणि लिहून ठेवावे. दोन्ही बाजूंच्या अनुभवी लोकांनी, विशेषतः डॉक्टरांनी, मत मांडावे अशी विनंती आहे.

उत्तर – ओसरी

ताई, मी सिंधुदुर्गात परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. आपण ज्या ज्येष्ठ सिस्टरांचा उल्लेख केला आहे त्यांच्यातलीच मी एक समजा, आणि त्या जे सांगतात ते मी मनापासून मानते.

आपल्या भागात डॉक्टर येतात आणि जातात. एमबीबीएस झाल्यावर बंधपत्राच्या सेवेसाठी आलेला मुलगा मराठवाड्यातला किंवा विदर्भातला असतो, त्याने समुद्रही पहिल्यांदाच पाहिलेला असतो, आणि पहिल्याच पावसात रात्री त्याच्यासमोर फुरसे चावलेला माणूस आणि त्याच्यामागे अर्धी वाडी उभी राहते. त्या गर्दीसमोर "सर, आधी रक्त गोठण्याची चाचणी करायला हवी" असे मी म्हटले असते, तर तो मुलगा त्या गावात कायमचा छोटा झाला असता. म्हणून मी ट्रेमध्ये सिरिंज आणि कोरी काचेची नळी ठेवून ट्रे त्याच्यापुढे धरत असे आणि विचारत असे, "सर, दोन मिली रक्त घेऊन ठेवू का? वीस मिनिटांनी तुम्हाला दाखवते." तो "हो" म्हणे. नळी न हलवता टेबलावर उभी ठेवायची, वीस मिनिटांनी तिरकी करायची, रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे. नळी साबणाने धुतलेली असेल तर चांगले रक्तही गोठत नाही आणि नसते विष दिसते. ती कोरी आहे की धुतलेली, हे वॉर्डात फक्त सिस्टरला ठाऊक असते. पुढे तो सर्पविषावरची लस चालू करी, तोवर ॲड्रिनालिनची सिरिंज भरून मी बाजूला ठेवलेली असे, आणि लसीची रिॲक्शन आली तर ती कुठे आहे हे त्याला शोधावे लागत नसे. याला कोणी लाचारी म्हणेल. मी त्याला व्यवहार म्हणते, कारण पावसाळा संपेपर्यंत तोच मुलगा आत येताना स्वतःहून विचारू लागे, "सिस्टर, नळी लावली का?"

दुसरी गोष्ट राऊंडची. पूर्वी डॉक्टरांच्या राऊंडला वॉर्डची सिस्टर बरोबर असायचीच. कोणाला रात्री झोप लागली नाही, कोणाची सलाईन सुजली, कोणाचा नवरा डिस्चार्ज मागतो आहे, हे चालता चालता बोलले जायचे. आता सिस्टर रजिस्टरे आणि ऑनलाइन नोंदी भरण्यात बुडालेली असते, डॉक्टर एकटे फिरून केसपेपरवर ऑर्डर लिहून निघून जातात, आणि मग दिवसभरात दोघांचे पहिले बोलणे होते ते रात्री दोन वाजता, फोनवर. ज्याच्याशी दिवसा चार वाक्ये बोललो नाही, त्याला रात्री आपला आवाज कटकटीचा वाटणारच. नोंदी थांबवता येणार नाहीत हे मला कळते, तरी राऊंडच्या वेळी पेन बाजूला ठेवून उठायला परिसेविकेने लावले पाहिजे.

लोकांसमोर जे बोलले गेले ते चूकच होते. पण त्याचे उत्तर लोकांसमोर देऊ नका. ओपीडी संपली की त्यांच्या खोलीत एकट्या जा आणि दोन वाक्यांत सांगा. बहुतेक डॉक्टर एकांतात ऐकतात. मावशी आणि मामा, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, कान टवकारून उभे असले की कोणीच ऐकत नाही.

उत्तर – कातळसडा

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी आहे. ओसरी मॅडमसारख्या परिसेविकांच्या हाताखाली माझ्यासारखे कित्येक डॉक्टर शिकले आहेत आणि हे ऋण मी कोठेही मान्य करीन. तरीही त्यांच्या पहिल्या सल्ल्याशी मी सहमत नाही.

त्यांनी ज्या पद्धतीचे वर्णन केले तिचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे. लिओनार्ड स्टाइन नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६७ मध्ये तिला 'डॉक्टर आणि नर्स यांचा खेळ' असे नाव दिले. त्या खेळाचा नियम असा, की नर्सने सल्ला द्यायचा पण तो सल्ला आहे असे दिसू द्यायचे नाही, आणि डॉक्टरने सल्ला मागायचा पण मागितला असे दिसू द्यायचे नाही. उघड मतभेद मात्र दोघांनीही टाळायचा. १९९० मध्ये त्याच लेखकाने सहकाऱ्यांसह पुन्हा या विषयावर लिहिले, तेव्हा त्यांना दिसले की नर्सेसनी हा खेळ सोडायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे तो अजून रंगात आहे.

सर्पदंशाच्या उदाहरणात तो खेळ चालून गेला, कारण ट्रे समोर होता, डॉक्टर समोर होता, आणि वीस मिनिटे तशीही थांबायचेच होते. फोनवर ट्रे पुढे धरता येत नाही. समजा प्रसूतीनंतर रक्तस्राव होतो आहे, डॉक्टर अर्धवट झोपेत "मेथर्जिन द्या" म्हणतात, आणि बाईचे बीपी १५०/१०० आहे. मेथर्जिन गर्भाशय आकसण्याचे औषध आहे, पण अशा बाईला ते द्यायचे नसते, त्याने बीपी आणखी भडकते. इथे "सर, मेथर्जिनच देऊ का?" असा आडून विचारलेला प्रश्न म्हणजे डॉक्टरला पेच सोडवायला दिल्यासारखे झाले. झोपेतला माणूस "हो, तेच" म्हणेल आणि कूस बदलेल. "सर, बीपी १५०/१०० आहे, मेथर्जिन देता येणार नाही, ऑक्सिटोसिन चालू करते आहे, तुम्ही या," हे वाक्य उद्धट नाही. मला ते ऐकून क्षणभर अपमान वाटेलही; तो माझा प्रश्न आहे, त्याची किंमत रुग्णाने का मोजावी?

आता किनारा सिस्टर, तुमच्या पहिल्या फोनविषयी. बीपी चांगले आहे म्हणून थांबणे ही डॉक्टरांमध्ये सर्रास आढळणारी चूक आहे. गरोदरपणात शरीरातले रक्त जवळजवळ चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेले असते, त्यामुळे तरुण, धडधाकट बाई बरेच रक्त जाईपर्यंत बीपी टिकवून धरते. आधी चढते ती नाडी. म्हणून नाडीला वरच्या बीपीने भागायचे. हा आकडा ०.९ किंवा त्याहून अधिक झाला तर सावध व्हायचे. तुमच्या पहिल्या फोनच्या वेळी १०४ भागिले ११२ म्हणजे ०.९३ होते, दुसऱ्या वेळी १.१५. म्हणजे बीपी 'चांगले' असतानाच गणित बिघडलेले होते, आणि ते तुम्ही हाताने ओळखले होते. हा भागाकार फोनवर सांगा. "मला बरे वाटत नाही, सर" या वाक्याला जो डॉक्टर दाद देत नाही, तो आकड्याला देतो. आम्हाला तशी सवयच लावलेली आहे.

डॉक्टरांची बाजू थोडक्यात मांडतो. तालुक्याच्या ठिकाणी एकच स्त्रीरोगतज्ज्ञ असतो, तो रात्री ऑन कॉल असतो आणि सकाळी त्याचीच ओपीडी असते. रात्री येणाऱ्या फोनांमध्ये काही असे असतात, की "सर, पेशंट बघून जा" एवढेच सांगितले जाते, आणि नाडी विचारली तर "थांबा हं, बघून सांगते" असे उत्तर येते. असे चार फोन झाले की पाचवा, खरा फोनही त्याच कानाने ऐकला जातो. यावर एक साधी रचना आहे. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली: आधी आत्ता काय झाले आहे, मग थोडी पार्श्वभूमी, मग तुमचा स्वतःचा अंदाज, आणि शेवटी तुम्हाला काय हवे आहे. आपल्या सिस्टर पहिले दोन भाग उत्तम सांगतात. तिसरा गिळतात, आणि चौथा तर मनातही आणत नाहीत. "मला वाटते गर्भाशय आकसत नाही, तुम्ही दहा मिनिटांत यावे" हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

राहिला सकाळचा शेरा. त्याने तुमचा अपमान झाला हे खरेच. पण वैद्यकीय दृष्टीने त्याहून मोठे नुकसान झाले ते असे, की त्या दोन विद्यार्थिनी उद्या सिस्टर होतील आणि नाडी १०४ असताना फोन करण्याआधी अर्धा तास विचार करतील.

उत्तर – हिरवा गाऊन

मी चिपळूणजवळ एका खासगी रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आहे, त्यामुळे वॉर्डाइतका अनुभव मला नाही. मात्र थिएटरमध्ये हा प्रश्न बऱ्याच अंशी कागदाने सोडवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी दिली. आठ शहरांतील रुग्णालयांमध्ये ती वापरून पाहिली गेली, त्यांत नवी दिल्लीही होते, आणि तिथे शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. चिरा देण्यापूर्वी टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे, हा त्या यादीतला एक मुद्दा आहे. आमच्या सर्जनना तो सुरुवातीला पोरकट वाटला होता. पण एकदा स्वतःचे नाव उच्चारून झाले की पुढे "सर, बाजू डावी आहे" म्हणायला घसा कोरडा पडत नाही.

एक निरीक्षण, कोणाला आवडो न आवडो. मी पुरुष असल्यामुळे नातेवाईक मला सरळ 'डॉक्टर' म्हणतात, आणि माझ्याबरोबरच्या सिस्टरने सांगितलेली जी गोष्ट डॉक्टर धुडकावतात, तीच मी सांगितली तर पुष्कळदा ऐकतात. म्हणून 'बोलायचे कसे' याच्या चर्चेत सगळा भार सिस्टरच्या शब्दांवर टाकू नये असे मला वाटते.

किनारा

सर्वांची आभारी आहे. भागाकाराची गोष्ट मी प्रसूतीकक्षात चिकटवून ठेवणार आहे.

दोन अडचणी राहतात. पहिली : स्पष्ट बोलले आणि समोरून "तुम्ही मला शिकवू नका" असे आले तर पुढे काय? दुसरी : 'डॉक्टरांना अमुक वाजता कळवले' असे नर्सेस नोटमध्ये लिहिले की आमच्याकडे ती त्यांच्याविरुद्धची तक्रार मानली जाते. एका सहकारी सिस्टरला ती ओळ खोडायला सांगितली गेली होती. तिने खोडली नाही, आणि पुढच्या महिन्याच्या ड्युटी यादीत तिच्या नाईट वाढल्या. दोन्हींचा संबंध होता असे मी सिद्ध करू शकत नाही, पण वॉर्डात सगळ्यांनी त्याचा अर्थ तोच घेतला.

उत्तर – ओसरी

कातळसडा डॉक्टरांचे मेथर्जिनचे उदाहरण मला पटले. फोनवर आडून बोलू नये, हे मान्य. समोरासमोर मात्र मी माझा ट्रे सोडणार नाही.

नोंदीबाबत. नोट लिहिताना आपला राग पेनात उतरू देऊ नये. 'वारंवार कळवूनही डॉक्टर आले नाहीत' हे वाक्य तक्रार आहे. 'रात्री १.४० : नाडी १०४, बीपी ११२/७०, पॅड पूर्ण भिजलेला, गर्भाशय सैल. मालिश केले, मूत्राशय रिकामे केले. ऑन कॉल डॉक्टरांना फोनवर कळवले. सूचना : लक्ष ठेवावे,' ही नोंद आहे. हिच्यात कोणावर ठपका नाही, आणि उद्या काही झाले तर डॉक्टरांनी फोन घेतला होता, सूचना दिली होती, हेही तीच सांगेल. ती दोघांची आहे, हे त्यांना शांतपणे पटवता येते. एकदा लिहिलेली ओळ कोणी सांगितले म्हणून खोडू नका. केसपेपरवरची खाडाखोड न्यायालयात जितकी वाईट दिसते तितके दुसरे काही दिसत नाही, आणि तिथे खोडणाऱ्याचे नाव विचारतात, खोडायला सांगणाऱ्याचे नाही.

फोनवरची ऑर्डर घेताना लगेच लिहावी, लिहिलेली वाचून दाखवावी, औषधाचे नाव, डोस आणि मार्ग यांसह, आणि डॉक्टर आले की आधी त्यावर सही घ्यावी. बहुतेक रुग्णालयांत चोवीस तासांच्या आत सही व्हावी असा नियम असतो. सकाळी चहाआधी घ्यावी हा माझा नियम होता. जमेल तिथे कॉल बुक, म्हणजे डॉक्टरांना बोलावणे लिहून पाठवायची वही, तीही पाठवावी. मामा कॉल बुक घेऊन क्वार्टरच्या दारात उभा राहिला, की वेळ लिहून सही करावीच लागते.

नाईट वाढल्या त्याबद्दल : तिने अधिसेविकेला, म्हणजे मेट्रनला, लेखी विचारावे. तोंडी विचारू नये.

उत्तर – शिकवणारी बाई

मी रायगड जिल्ह्यात पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका, आहे. इतका वेळ चर्चा वाचत होते. किनारा ताईंच्या पहिल्या अडचणीवर माझे उत्तर असे आहे, की रात्री परवानगी मागावी लागेल अशा गोष्टींची संख्याच दिवसा कमी करून घ्यावी.

आपल्याकडे याला आधार आहे. २०१० च्या केंद्र सरकारच्या कुशल प्रसूती सेवेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रशिक्षित एएनएमलाही (उपकेंद्रातल्या सहायक परिचारिकेलाही) प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिन किंवा मिझोप्रोस्टॉल ही गर्भाशय आकसण्याची औषधे देता येतात, आणि झटके येणाऱ्या मातेला पुढे पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही नितंबांत खोल स्नायूत पाच-पाच ग्रॅम, देता येतो. उपकेंद्रातली एएनएम जे करू शकते त्यासाठी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेने फोनवर ताटकळत राहावे, यात कोणाचेच हित नाही.

अलीकडचा पुरावाही याच दिशेचा आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांमध्ये ई-मोटिव्ह नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. खुणा असलेल्या पिशवीत रक्त मोजायचे, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की मालिश, गर्भाशय आकसण्याचे औषध, रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळे एकत्र, लगेच सुरू करायचे. काय करायचे ते आधीच ठरलेले असल्यामुळे प्रसूती करणाऱ्या नर्सेसना दर टप्प्याला थांबावे लागत नव्हते. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झाले. त्यात वापरलेली औषधे आपल्या प्रसूतीकक्षाच्या कपाटात आजही आहेत. नसते ते त्यांना हात लावायचे ठरलेले अधिकारपत्र.

म्हणून ताई, आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एक पानी कायमस्वरूपी ऑर्डर लिहून आणि सही करून घ्या : नाडी इतकी झाली किंवा पॅड इतक्या वेळात भिजला, तर अमुक अमुक सुरू करावे आणि मला बोलवावे. मग फोनचा सूर बदलतो. "सर, येऊ शकाल का?" ऐवजी "सर, तुमच्या ऑर्डरप्रमाणे चालू केले आहे, तुम्ही या" असे वाक्य होते. "मला शिकवू नका" म्हणायला त्यात जागा राहत नाही, कारण शिकवले त्यांनीच आहे. (ओसरी मॅडम, तुमचा ट्रे मी कागदावर आणला, एवढेच समजा.)

यात मला एकच भीती वाटते. असा कागद झाला की काही डॉक्टर सगळेच सिस्टरवर सोडून देतात. म्हणून 'सुरू करावे' आणि 'मला बोलवावे' ही दोन्ही वाक्ये एकाच ओळीत असली पाहिजेत, आणि किती मिनिटांत यायचे तेही तिथेच लिहिलेले हवे.

उत्तर – कातळसडा

शिकवणाऱ्या बाईंच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे, फक्त ती मांडायची कुठे याबद्दल दोन शब्द. कागद घेऊन एकट्या सिस्टर डॉक्टरांपुढे गेल्या तर तो आरोपासारखा वाटेल, विशेषतः त्या राऊंडनंतर. तुमच्या रुग्णालयात प्रसूतीकक्षाची मासिक बैठक होत असेल, किंवा प्रसूतीकक्षांच्या दर्जासाठीच्या सरकारी 'लक्ष्य' कार्यक्रमाची तपासणी जवळ आली असेल, तर परिसेविकेमार्फत हा विषय तिथे ठेवा. उदाहरण म्हणून ही केस मांडायची झाली तर डॉक्टरांचे आणि तुमचे नाव न घेता फक्त वेळा आणि आकडे मांडा. १.४० ला काय होते, २.१० ला काय होते, रक्त किती वाजता लागले. वैद्यकीय अधीक्षकांना तेवढे पुरते.

मसुद्यात तीन गोष्टी विसरू नका. ऑन कॉल डॉक्टरने फोन उचलला नाही किंवा दुसऱ्या फोननंतरही ते आले नाहीत, तर पुढचा फोन कोणाला, हे पदनामासह लिहिलेले असावे. म्हणजे तो फोन सिस्टरने 'वरती' केलेली कागाळी ठरत नाही. रक्तसाठवण केंद्राचा रात्रीचा नंबर असावा. आणि १०८ रुग्णवाहिका कधी बोलवायची ते स्पष्ट असावे, कारण तुमच्याकडून कोल्हापूरला जायचे तर आंबा घाट आणि आमच्याकडून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात जायचे तरी पावसात वेळ लागतोच, आणि गाडी बोलवायचा निर्णय उशिरा झाला तर पुढची सगळी घाई व्यर्थ जाते.

मसुदा तयार झाला की नावे काढून इथे टाका. आमच्याकडेही हवाच आहे, आणि औषधांचे डोस मी नजरेखालून घालीन.